बारा नंबर ते एकशे चौतीस: आमच्या टाटामोबाइलचा एसी

गाडी १९९४ची, टाटामोबाइल पिकअप. बाबांनी ती इंदूरच्या छावणीतल्या बियाण्यांच्या दुकानासाठी घेतली आणि जूनच्या तोंडावर सोयाबीनची पोती भरून देवास, सोनकच्छ, बदनावरपर्यंत फिरवली. टेल्कोनं हे मॉडेल १९८८ साली आणलं. पुढं सिएरा आणि इस्टेट या मोटारी याच पिकअपच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या. मालाच्या गाडीला एसी कुणी लावत नसे. आमच्या गाडीला तो १९९७ साली लागला तो आजीमुळे. तिला दर वैशाखात महेश्वरला नर्मदेवर जायचं असे. इंदूरचा उन्हाळा कडक असला तरी संध्याकाळी जरा सुसह्य होतो, पण मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरलं की वारा भट्टीच्या तोंडासमोर बसल्यासारखा लागतो. एका वर्षी धामणोदच्या अलीकडे आजीला घेरी आली. परत आल्यावर पंधरा दिवसांत बाबांनी डॅशबोर्डखाली टांगायचं एसीचं युनिट बसवून घेतलं. त्यानंतर ती गाडीत बसली की पदराखाली हात घट्ट धरून म्हणायची, "अरे, जरा कमी कर, हिव भरतंय."

आजी गेल्यावर तो एसी दोन-तीन उन्हाळे चालला आणि मग नुसता वारा देऊ लागला. त्यात आर-१२ होता, मिस्त्री लोक ज्याला 'बारा नंबर' म्हणतात तो. या गॅसनं ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारख्या औषधांपुरती सूट सोडली तर, आपल्याकडे हे सीएफसी गॅस बनणं थांबलं. म्हणजे आमच्या एसीतला गॅस गळाला तोवर बाजारातूनही तो उठला होता. बाबांनी एसीच्या बटणावर काळी टेप चिकटवली. ती टेप पुढं पंधरा वर्षं तशीच राहिली.

बाबा आता एकोणऐंशीचे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी महेश्वरचा विषय काढला. माझ्या गाडीत एसी आहे, पाय लांब करून बसता येतं, सगळं सांगून झालं. "आपल्या गाडीनं जाऊ," एवढंच ते म्हणाले. आपली गाडी म्हणजे टाटामोबाइल. मग एसी सुरू करणं आलंच.

पहिल्या दुकानात माझी फसगत झाली, ती आधी सांगतो, कारण जुनी गाडी ठेवणाऱ्या पुष्कळ लोकांची ती अशीच होते. त्यांनी बॉनेट उघडलं, गॅस भरायच्या तोंडांच्या जुन्या चुड्यांवर अ‍ॅडॉप्टर चढवला, वीसेक मिनिटं पंप लावला आणि आर-१३४ए, म्हणजे 'एकशे चौतीस' या नव्या गॅसचे दोन डबे भरून दिले. तासाभरात काम झालं. हवा गार आली, मीही खूश झालो. अकरा दिवस एसी चालला. बाराव्या दिवशी पलासियाच्या सिग्नलला उभा असताना बॉनेटखालून जात्यात खडा अडकल्यासारखी घरघर आली आणि एसीच्या कंप्रेसरचा क्लच चालू झाला की इंजिन दबू लागलं. दुकानात परत गेलो तर म्हणाले, कंप्रेसर जुना होता, आम्ही काय करणार. पावसाळा तोंडावर होता. गाडी झाकून ठेवली, महेश्वर राहिलं आणि बाबांनी पुन्हा त्या बटणाला टेप लावली. ते मला फार लागलं.

या वर्षी फेब्रुवारीत एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं भाऊंचा पत्ता दिला. ट्रान्सपोर्ट नगरच्या एका गल्लीत त्यांचं दोन शटरचं गॅरेज आहे. तरुणपणी ते बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या प्लांटवर होते, मग मोटारींच्या एसीकडे वळले. वय पासष्टच्या पुढं, चष्म्याला दोरी. मी मागची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "तेल बदललं होतं का त्यांनी?" मला तेलाचं काहीच ठाऊक नव्हतं. "मग तुमचा कंप्रेसर कोरडा चालून राहिला होता," ते म्हणाले.

आधी त्यांनी आत उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून घेतला. हवेत सोडला नाही. मग कंप्रेसर उतरवला, पांढऱ्या इनॅमलच्या थाळीवर उलटा धरला आणि हातानं क्लचची पुढची तबकडी फिरवत राहिले. तेल आलं ते चमचा-दोन चमचेच, तेही काळपट करडं. भाऊंनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि हात दाराकडे उन्हात धरला. अंगठ्याच्या रेषांमध्ये चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक होती. तो अ‍ॅल्युमिनियमचा कीस होता, आतले पिस्टन आणि भिंती एकमेकांना घासून निघालेला.

तेव्हा त्यांनी मला कारण नीट समजावलं. आमचा कंप्रेसर सँडेनच्या घडणीचा, पाच पिस्टनांचा. या जातीला तेल फिरवणारा वेगळा पंप नसतो. तेल गॅसमध्ये मिसळून पाइपांतून, कंडेन्सरमधून (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), कूलिंग कॉइलमधून फिरतं आणि गॅसबरोबर कंप्रेसरकडे परत येतं. त्यावरच आतलं सगळं ओलं राहतं. बारा नंबरबरोबर खनिज तेल चालायचं, कारण ती दोन्ही एकमेकांत विरघळतात. एकशे चौतीसमध्ये ते तेल विरघळतच नाही. गॅस पुढं जातो आणि तेल कॉइलच्या तळाशी बसून राहतं. एकशे चौतीसला पीएजी किंवा एस्टर जातीचं तेल लागतं. पहिल्या दुकानात कुणी हे तेल बदललं असतं तर माझा कंप्रेसर वाचला असता, असं मला आजही वाटतं.

"नवा गॅस भरणं हे शेवटचं, अर्ध्या तासाचं काम," भाऊ म्हणाले. "त्याच्या आधी तेल, रबर, ड्रायर, पाइप, सगळं बघावं लागतं. वेळ आहे का तुमच्याजवळ?" मी होय म्हणालो. पुढचे तीन आठवडे, दुकानातून निघता येईल तेव्हा, मी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसत होतो.

मधल्या काळात आणखी एकानं सल्ला दिला की एवढी उस्तवार कशाला, तो दुसरा मिश्र गॅस मिळतो तो भरून टाका, जुन्या तेलावरही चालतो. तो गॅस म्हणजे प्रोपेन आणि आयसोब्युटेन, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकाचाच गॅस. ज्या गाडीची कॉइल थेट माणसांच्या गुडघ्यांसमोर आहे आणि जिच्या वायरिंगला तीस वर्षं झाली आहेत, तिच्यात तो भरायला मी कधीच तयार होणार नाही. भाऊंनीही हात जोडून नाही म्हटलं.

कंप्रेसर नवा घेतला, त्याच मापाचा, जुन्या ब्रॅकेटवर बसणारा. कंडेन्सरबद्दल मात्र मी हुज्जत घातली, कारण जुना दिसायला धडका होता. भाऊंनी वहीत दोन आकडे लिहून दाखवले. कंडेन्सरमधला गॅस ६० अंशांवर असताना बारा नंबरचा दाब साधारण २०५ पीएसआय (दाबाचं माप) असतो आणि एकशे चौतीसचा २३०च्या आसपास. म्हणजे त्याच उन्हात हाय साइडवर, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, जास्त ताण येतो आणि जुना नळी-पत्र्याचा कंडेन्सर निमाडातल्या ४३ अंशांत तेवढी उष्णता टाकू शकत नाही. म्हणून नवा, चपट्या नळ्यांचा पॅरलल फ्लो घेतला आणि त्याच्यापुढं बारा इंची इलेक्ट्रिक पंखा. कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडावर बसतो, तेव्हा रेडिएटर उतरवून त्याची रॉडिंगही (नळ्यांची आतून साफसफाई) करून घेतली. १९४८ सीसीचं, साठेक घोड्यांचं डिझेल इंजिन. ते गरम झालं तर एसीचा उपयोग काय?

पाइपांची गोष्ट वेगळी. जुने होज पाइप वरून बरे दिसत होते, पण एकशे चौतीसचा रेणू लहान, तो साध्या रबरातून हळूहळू झिरपतो. आतून नायलॉनचा थर असलेले बॅरियर होज घ्यावे लागतात. ते गाडीवरच मापून कापले: लिक्विड लाइनला ६ नंबर जाडीचा, डिस्चार्जला ८, सक्शनला १०. टोकं दाबून बसवायचं क्रिम्पिंग शेजारच्या गल्लीत झालं. सगळ्या ओ-रिंगा हिरव्या, एचएनबीआर रबराच्या, आणि प्रत्येक रिंग तेलात बुडवूनच बसवली. भाऊंचा मदतनीस मुलगा एक रिंग कोरडीच बसवत होता, तर भाऊंनी पान्यासह त्याचा हात धरला आणि नट पुन्हा उघडायला लावला.

डॅशबोर्डखालचं युनिट उघडलं तो दिवस मी विसरणार नाही. पत्र्याचे चार स्क्रू काढले आणि कॉइल दिसली, किंवा दिसलीच नाही असं म्हणतो, कारण तिच्या तोंडावर फेल्टसारखा जाड थर होता. भाऊंनी तो थर बोटानं अखंड उचलला. धूळ, कडुनिंबाच्या काड्या आणि त्यात भरपूर सोयाबीनचा भुसा. बाबा माझ्याबरोबर आले होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, कुस्करला, आणि एक फुटकी डाळ निघाली ती तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिले. "सोनकच्छच्या फेऱ्यांची धूळ आहे ही," म्हणाले.

कॉइल आणि जुन्या धातूच्या नळ्या फ्लश केल्या. पूर्वी या कामाला १४१बी नावाचं द्रव वापरत. तेही ओझोनला घातक, आपल्याकडे १ जानेवारी २०२०पासून बंद झालं. भाऊंकडे दुसरं फ्लशिंगचं द्रव होतं. त्याआधी कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह काढून ठेवला, कारण त्याच्या बारीक भोकातून कचरा पुढं जात नाही, तिथंच अडकतो. द्रव घालायचं, नायट्रोजननं ढकलायचं, दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं धरायचं. पहिल्या वेळी फडक्यावर काळा पट्टा आला, चौथ्या वेळी पिवळसर आणि सहाव्या वेळी फडकं कोरडं, स्वच्छ. व्हॉल्व्ह नवाच लावला, एकशे चौतीसचा.

जोडणी झाल्यावर नायट्रोजन भरला, १५० पीएसआय. दुपारी चारला, गॅरेजात ३६ अंश होते तेव्हा. सकाळी सहाला जाऊन पाहिलं तर काटा १२८वर. रात्री हवा चोवीसवर आली होती, थंडीनं दाब उतरतोच, मी तसं बोललोही. भाऊ म्हणाले, "बारा अंशांचे सहा पीएसआय उतरतात. १४४ असता तर मी काही बोललो नसतो. बाकीचे सोळा कुठं गेले?" मग साबणाचं पाणी आणि ब्रश. नवे सगळे सांधे कोरडे निघाले. शेवटी कॉइल पुन्हा बाहेर काढली, आणि तिच्या कडेच्या तिसऱ्या वाकावर, डाग दिलेल्या जागी, साबुदाण्याएवढा एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. मोजला तर आठ सेकंदांना एक. इतक्या वर्षांपूर्वी बारा नंबर इथूनच गेला असणार. तांब्याची कॉइल असल्यानं भाऊंनी ती जागा घासून ब्रेझिंग (पक्का डाग) केलं. ती दुसरी रात्र काटा १४४वर राहिला आणि दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा १५०वर आला. मला जो आनंद झाला तो मी घरी फोन करून सांगितला.

ड्रायर सगळ्यांत शेवटी. त्याच्या आतले दाणे ओलावा शोषतात आणि जुन्या ड्रायरमधले दाणे एकशे चौतीसला चालत नाहीत. नव्याची टोपणं काढून दोन मिनिटांत नळ्या जोडल्या, कारण तो उघडा राहिला की इंदूरची हवाच पिऊन बसतो. पीएजी तेलाचीही तीच खोड. डबा उघडला, मापून घेतलं, लगेच बंद. कंप्रेसरमध्ये १३५ मिली होतं, कॉइल आणि कंडेन्सरच्या वाट्याचं थोडं वर घातलं. क्लचची फट फिलर गेजनं पाहिली: अर्धा मिलिमीटर, हवी त्या मर्यादेत.

मग व्हॅक्युम. पंप पाऊण तास चालला आणि काटा पाऱ्याच्या २८ इंचांवर थांबला. मी पुस्तकात २९.९ वाचलेलं, म्हणून घाबरलो. भाऊंनी सांगितलं की तो आकडा समुद्रकाठचा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर, इथं हवेचाच दाब तेवढा नाही, त्यामुळे काटा २८च्या पुढं जाणारच नाही. मुंबईत शिकलेला एखादा पोरगा इथं रात्रभर पंप चालवत बसेल, असं ते म्हणाले. पंप बंद करून, व्हॉल्व्ह मिटून आम्ही चहा घेतला. तासाभरानं काटा तिथंच होता. एवढ्या व्हॅक्युममध्ये पाणी साध्या हवेच्या उष्णतेवरही उकळून निघून जातं. आतला ओलावा असाच काढायचा असतो.

गॅस वजनावर भरला. जुन्या युनिटच्या स्टिकरवर बारा नंबरचे ९०० ग्रॅम लिहिले होते. एकशे चौतीस त्याच्या ८० ते ९० टक्केच भरायचा. डबा काट्यावर उभा ठेवून, इंजिन चालू करून, लो साइडनं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूनं, वाफेच्या रूपात. इंजिन चालू असताना हाय साइडचा कॉक चुकूनही उघडायचा नाही, तो सगळा दाब डब्यात जाऊन डबा फुटतो. हे भाऊंनी मला तीनदा बजावलं. ७५० ग्रॅमला थांबलो. बाहेर ३९ अंश, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर: लो साइड ३२, हाय साइड २३०. एसीच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर एकवीस, सतरा, तेरा करत नवावर आला.

बाबा शेजारच्या सीटवर होते. त्यांनी नखानं टेपचं टोक उचललं आणि सावकाश ओढून काढली. खाली डिंकाचा चौकोन राहिला, तो त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसला.

वायरिंगचं थोडक्यात: पंखा, क्लच आणि ब्लोअर मिळून वीसेक अँपिअर खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा रिले आणि फ्यूज दिला. ड्रायरवर प्रेशर स्विच लावला, जो आधी नव्हताच. गॅस गळाला किंवा दाब फार चढला तर क्लच आपोआप सुटतो. खर्च मजुरीसकट साडेतेहतीस हजार झाला. जुन्या दोन्ही चुड्यांवर एकशे चौतीसच्या टोप्या कायमच्या बसवल्या, म्हणजे पुन्हा कुणी दुसरा गॅस भरणार नाही, आणि बॉनेटच्या आतून भाऊंनी स्वतःच्या अक्षरात स्टिकर लावला: आर-१३४ए, ७५० ग्रॅम, पीएजी तेल, तारीख.

वैशाखात गेलो. महू सोडलं, मानपूर आलं, घाट उतरलो. धामणोदला बाहेर ४३ होते आणि केबिनमध्ये बाबा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर हात चोळत होते. पिकअपची केबिन लहान, लवकर गार होते. महेश्वरला गाडी लावली तेव्हा खालच्या नळीतून एसीच्या पाण्याची धार लागली होती. बाबा वाकून ती बघत उभे राहिले, मग आम्ही घाटावर गेलो. परतीच्या चढाला, भाऊंच्या सांगण्यावरून, मी एसी बंद ठेवला. इंजिनच्या उष्णतेचा काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि माथ्यावर पुन्हा खाली आला.

पाचशे किलोमीटरनंतर बेल्ट बघायला बोलावलं होतं. नवा बेल्ट थोडा ढिला झाला होता, तो ताणला. भाऊंनी गेज लावले, आकडे पाहिले आणि खिशातलं पेन काढून स्टिकरवर तारखेखाली दुसरी ओळ लिहिली: ५२० किमी, बेल्ट ताणला, गॅस जसाच्या तसा.